साडीला लावलेली चेन : भानू अथैया यांची वेशभूषा आणि स्त्री सक्षमीकरणाचा प्रश्न

प्रास्ताविक

'स्त्री सक्षमीकरण' हा शब्द आपल्या चर्चासत्रांच्या पत्रिकांवर गेली वीस-पंचवीस वर्षे इतक्या वेळा छापला गेला आहे, की त्याचा नेमका अर्थ विचारणे हेच आता धाडसाचे वाटावे. वस्त्रनिर्मितीच्या संदर्भात तर या शब्दाचे एक ठरीव चित्र तयार झाले आहे. शिलाई मशीनचे वाटप, तीन महिन्यांचा वर्ग, शेवटी प्रमाणपत्र आणि व्यासपीठावरील छायाचित्र. अमरावती व अकोला येथे गृहविज्ञान किंवा फॅशन डिझाईन शिकणाऱ्या मुलींसमोर एका बाजूला हे चित्र असते आणि दुसऱ्या बाजूला मुंबई-पॅरिसचे झगमगते रॅम्प. या दोहोंच्या मध्ये एखाद्या मराठी स्त्रीने वस्त्राच्या व्यवसायात नेमके काय केले, याचा विचार आपल्या अभ्यासक्रमात अभावानेच आढळतो.

भानू अथैया यांचे नाव सामान्यज्ञानाच्या पुस्तकात 'ऑस्कर मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय' या एका ओळीत येते व तेथेच संपते. या ओळीपलीकडे जाऊन त्यांच्या वेशभूषेकडे पाहावे आणि त्या कामाने स्त्रीला काही दिले काय, दिले असल्यास कोणत्या स्त्रीला दिले, हे तपासावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हे गौरवपर लेखन नाही. अथैया यांनी स्वतःला स्त्री-चळवळीची कार्यकर्ती म्हणविले नव्हते, तेव्हा ती अपेक्षा त्यांच्यावर लादणेही योग्य ठरणार नाही. प्रश्न त्यांनी घडविलेल्या वस्त्रांना विचारायचा आहे.

चित्रकलेकडून वस्त्राकडे

भानुमती राजोपाध्ये यांचा जन्म २८ एप्रिल १९२९ रोजी कोल्हापूर येथे झाला. वडील अण्णासाहेब हे चित्रकार होते. बाबूराव पेंटरांच्या कोल्हापुरात चित्रकला आणि चित्रपट यांच्यामध्ये भिंत नव्हती, ही गोष्ट येथे लक्षात ठेवावी लागते. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. पुढे मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण घेताना त्यांनी उषा देशमुख सुवर्णपदक मिळविले. १९५३ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात त्यांची चित्रे मांडली गेली. त्या प्रदर्शनातील त्या एकमेव स्त्री चित्रकार होत्या.

कलासमीक्षेत यानंतरची हकिगत साधारणतः हळहळीच्या सुरात सांगितली जाते. एक गुणी चित्रकर्ती चित्रकला सोडून कपड्यांकडे वळली, असा तो सूर. मला हा सूर मान्य करता येत नाही. त्या काळी मासिकांसाठी फॅशनची रेखाचित्रे काढण्याचे पैसे हाती येत होते. 'ईव्हज वीकली'साठी त्या अशी रेखाटने करीत. त्यातून बुटिकसाठी कपडे बेतण्याचे काम आले, तेथे कामिनी कौशल, नर्गिस यांच्यासारख्या अभिनेत्री आल्या, आणि १९५६ च्या 'सी.आय.डी.'पासून चित्रपटसृष्टीतील दीर्घ कारकीर्द उभी राहिली. वडील नसलेल्या घरातून आलेल्या मुलीने कमाईचा मार्ग निवडला, यात कलेची हानी शोधणाऱ्यांनी त्याच पिढीतील किती स्त्रिया केवळ चित्रे विकून जगू शकल्या, हेही पाहावे. शिवाय त्यांचा ब्रश सुटला, असे म्हणता येत नाही. 'साहिब बीबी और गुलाम' (१९६२) मधील छोट्या बहूचा वेश पाहणाऱ्याला कृष्णधवल चित्रपटातही रंगाचा विचार करणारा चित्रकाराचा डोळा जाणवतो. कापड प्रकाश किती शोषून घेईल आणि किती परत देईल, याचा हिशेब त्या जरीच्या काठात आहे.

या टप्प्याचे महत्त्व नावाशी निगडित आहे. हिंदी चित्रपटाच्या आरंभीच्या दशकांत नटीचे कपडे बहुधा तिच्या घरून, तिच्या शिंप्याकडून किंवा कंपनीच्या कपडेपटातून येत. ते कोणी बेतले, हा प्रश्नच फारसा उद्भवत नसे. पडद्यावरच्या श्रेयनामावलीत वेशभूषाकाराला स्वतंत्र ओळ मिळणे आणि त्या ओळीत एका स्त्रीचे नाव पाच दशके टिकून राहणे, हे अथैया यांचे निर्विवाद कार्य आहे.

चेन

आता प्रस्तुत लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे वळता येईल.

'ब्रह्मचारी' (१९६८) या चित्रपटात शम्मी कपूर यांच्यासोबतच्या नृत्यगीतात मुमताज यांनी नेसलेली नारिंगी साडी आजही ओळखली जाते. नेसलेली, असे म्हणतानाच थबकावे लागते, कारण ती साडी नेसलेली नव्हती, घातलेली होती. अथैया यांनी ती आधीच निऱ्या घालून, अंगाबरोबर शिवून घेतली होती आणि बाजूला चेन लावली होती. त्या वेगवान नृत्यात साध्या साडीचा निभाव लागला नसता. चेनने तो प्रश्न सोडविला.

याच सुमारास, आफ्रिका खंडाच्या दुसऱ्या टोकाला, नायजेरियात शादे थॉमस-फाम ही स्त्री जवळजवळ हेच करीत होती. १९३३ मध्ये जन्मलेल्या थॉमस-फाम परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी लंडनला गेल्या आणि तेथे सेंट मार्टिन्समध्ये वस्त्रकलेकडे वळल्या. १९६० मध्ये नायजेरिया स्वतंत्र झाला, त्याच वर्षी त्या लागोसला परतल्या व त्यांनी आपले बुटिक उघडले. योरुबा स्त्रिया कमरेभोवती 'ईरो' नावाचे न शिवलेले वस्त्र गुंडाळतात, वर 'बुबा' हा सैल झगा घालतात. थॉमस-फाम यांनी त्या गुंडाळायच्या वस्त्राला चेन लावून त्याचा घागरा केला. कापड तेच, दिसणे तेच. मात्र कचेरीत जाणाऱ्या, वाहनात चढ-उतार करणाऱ्या स्त्रीला ते वारंवार सावरावे लागेनासे झाले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने २०२२ मध्ये भरविलेल्या आफ्रिकी फॅशनच्या प्रदर्शनात त्यांच्या या कार्याची दखल घेतली गेली.

नुकतेच स्वतंत्र झालेले दोन देश, पाश्चात्त्य शिलाई आणि देशी बिनशिलाईचे वस्त्र यांच्यामध्ये उभ्या असलेल्या दोन स्त्रिया, आणि दोघींच्या हाती एकच साधन. दोघींचा परस्परांशी संबंध आल्याचे दिसत नाही, म्हणूनच हे साम्य बोलके आहे. परंतु साम्यापाशी थांबल्यास विवेचन फसवे होईल. लागोसमधील घागरा विकत घेणारी स्त्री तो स्वतःसाठी निवडीत होती, आपल्या पैशाने घेत होती आणि स्वतःच्या कामाला जाताना घालीत होती. मुमताज यांच्या साडीचा निर्णय दिग्दर्शकाच्या गरजेतून, कॅमेऱ्याच्या कोनातून आणि प्रेक्षकाच्या नजरेच्या अंदाजातून झाला होता. तिच्यातून नर्तिकेला नाचण्याची मोकळीक मिळाली हे खरे, पण ती साडी इतकी अंगालगत आहे की मोकळीक पायांना मिळाली आणि बंधन सबंध देहाला पडले. चेन एकच, पण तिचे टोक कोणाच्या हातात आहे यावर तिचा अर्थ बदलतो.

येथे आणखी एक बाजू विचारात घ्यावी लागेल, आणि ती वऱ्हाडात बसून पाहताना अधिक स्पष्ट होते. न शिवलेले वस्त्र रोज नव्याने रचावे लागते. ते ज्ञान नेसणारीच्या बोटांत असते आणि आईकडून मुलीकडे जाते. शिवण आली की ते ज्ञान शिंप्याच्या कात्रीत जाते. आज अमरावतीच्या बाजारात तयार शिवलेली नऊवारी सहज मिळते. स्नेहसंमेलनात, ढोलपथकात, लग्नात मुली ती पाच मिनिटांत घालतात आणि निर्धास्तपणे वावरतात. त्यांच्या आज्या मात्र कासोट्याचे लुगडे नेसून शेतात वाकल्या, विहिरीवर गेल्या, बैलगाडीत चढल्या, आणि त्यांना चेनची गरज कधी भासली नाही. सक्षम कोण, असा प्रश्न केला तर उत्तर सोपे नाही. प्रस्तुत लेखिकेला पूर्वी शिवलेल्या नऊवारीचा रागच येत असे. वर्गातील एका विद्यार्थिनीने, "मॅडम, ही घालून मी गाडी चालवू शकते," असे सांगितल्यावर तो राग पुष्कळसा ओसरला. त्याच मुलीला कासोटा घालता येत नाही, ही रुखरुख मात्र उरलीच.

अथैया यांच्या कामाचे मोल मला नेमके या ठिकाणी दिसते. पडद्यावरील वस्त्र पडद्यावर राहिले नाही. 'वक्त' (१९६५) मध्ये साधना यांच्यासाठी त्यांनी केलेला अंगाबरोबरचा कुर्ता आणि चुडीदार महाविद्यालयीन मुलींनी उचलला. चित्रपटगृहातून बाहेर पडलेली मुलगी कापड घेऊन शिंप्याकडे गेली, त्याला बाहीची लांबी सांगितली, गळा सांगितला, आणि घरच्यांशी थोडा वादही घातला असेल. येथे निर्णय तिचा होता. अथैया यांच्या वस्त्रांतील स्त्री-स्वातंत्र्याचा अंश नायिकेच्या अंगावर शोधण्यापेक्षा या लहान गावांतील शिलाईच्या दुकानांत शोधावा, असे माझे मत आहे.

आम्रपाली आणि रूपा

वरील मताविरुद्ध जाणारी उदाहरणे टाळून चालणार नाही. 'आम्रपाली' (१९६६) साठी अथैया यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा अभ्यास केला. वैजयंतीमाला यांची ती वेशभूषा पुढील अनेक पौराणिक-ऐतिहासिक चित्रपटांनी आणि दूरदर्शन मालिकांनी इतकी गिरविली, की प्राचीन भारतातील स्त्री अशीच असे, असा समज रूढ झाला. अजिंठ्याच्या भिंतींवर राण्या आहेत तशा दासीही आहेत, वृद्धा आहेत. पडद्यावर आली ती एकच देहाकृती. परंतु आम्रपाली ही गणिका आहे, आपल्या कलेचा तिला अभिमान आहे, आणि तिच्या वस्त्रालंकारांत तो अभिमान दिसतो. कथेच्या शेवटी ती बुद्धाकडे वळते, तेव्हा त्या अलंकारांचा भार टाकून देण्याला अर्थ येतो. वेशभूषा येथे पात्राच्या बाजूने उभी आहे.

'सत्यम शिवम सुंदरम' (१९७८) बाबत असे म्हणता येत नाही. चेहरा भाजलेल्या खेड्यातील रूपा या मुलीची ही कथा देहापलीकडचे सौंदर्य शिकविण्याचा दावा करते. झीनत अमान यांना दिलेली तोकडी चोळी आणि विरविरीत वस्त्र मात्र प्रेक्षकाला देहाखेरीज काही पाहू देत नाहीत. त्या खेड्यातील इतर बायका काय नेसतात, ते पाहावे आणि मग रूपाकडे पाहावे. ती त्या गावची वाटत नाही. दिग्दर्शक राज कपूर होते, निर्णय त्यांचा होता, अशी सोडवणूक केली जाते. ती पुरेशी नाही. श्रेयनामावलीतील ज्या ओळीचा आपण वर गौरव केला, तीच ओळ येथे जबाबदारीही मागते. नाव मिळविले म्हणजे दोषासकट मिळविले.

खादी, आणि कस्तुरबांची साडी

'गांधी' (१९८२) या रिचर्ड अॅटनबरो यांच्या चित्रपटासाठी जॉन मोलो यांच्यासोबत अथैया यांना ऑस्कर मिळाले, तो समारंभ ११ एप्रिल १९८३ रोजी झाला. या कामाविषयी पुष्कळ लिहिले गेले असल्याने येथे एकच निरीक्षण नोंदवावेसे वाटते. गांधींच्या वस्त्रांचा प्रवास, बॅरिस्टरच्या सुटापासून सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईत स्वीकारलेल्या पंचापर्यंत, सर्वांना ठाऊक असतो. कस्तुरबांच्या वस्त्रांचा प्रवास कोणी विचारीत नाही. १८९६ च्या अखेरीस कुटुंबाला दक्षिण आफ्रिकेला नेताना, सुधारलेले दिसावे म्हणून आपण पत्नीला पारशी पद्धतीची साडी नेसावयास लावली, हे गांधींनी आत्मकथेत प्रांजळपणे मान्य केले आहे. पायांत बूट-मोजेही चढविले गेले. पुढे खादी आली, तीही पतीच्या निर्णयामागोमाग. रोहिणी हट्टंगडी यांची कस्तुरबा पाहताना वस्त्रातील हा बदल कोणाच्या इच्छेने होतो आहे, हा प्रश्न मनात ठेवल्यास चित्रपट वेगळा दिसू लागतो. अथैया यांनी त्या साड्यांना साधेपणा दिला आहे, दीनपणा दिलेला नाही. हा भेद बारीक आहे आणि तो साधणे कठीण असते.

एक ऑस्कर आणि एक कार्ड

अथैया यांच्या यशाने पुढील स्त्रियांसाठी दारे उघडली, असे विधान सर्रास केले जाते. ते अंशतः खरे आहे. वेशभूषेच्या क्षेत्रात त्यांच्यानंतर अनेक स्त्रिया नावाने ओळखल्या गेल्या. परंतु त्याच चित्रपटसृष्टीतील, नावात 'कॉस्च्युम' हा शब्द मिरविणारी मुंबईची सिने कॉस्च्युम मेक-अप आर्टिस्ट्स अँड हेअर ड्रेसर्स असोसिएशन ही संघटना स्त्रियांना केशरचनेचे काम देई, रंगभूषाकार म्हणून सदस्यत्वाचे कार्ड देत नसे. रंगभूषा हे पुरुषांचे काम मानले गेले होते. चारू खुराना विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० नोव्हेंबर २०१४ रोजी हा भेदभाव घटनाबाह्य ठरविला. म्हणजे ऑस्करनंतर एकतीस वर्षे हे दार बंदच होते आणि ते उघडले न्यायालयाने. एका स्त्रीचे कर्तृत्व हे सर्व स्त्रियांचे सक्षमीकरण मानण्याची जी सवय आपल्या शोधनिबंधांना जडली आहे, तिच्यासाठी ही दोन वर्षे शेजारी-शेजारी लिहून ठेवण्यासारखी आहेत.

शिलाईचे प्रत्यक्ष काम करणारे हात तर याहूनही दूर राहिले. कापणारे मास्टर, जरीकाम व भरतकाम करणारे कारागीर यांची नावे नामावलीत येत नाहीत, आणि याला अथैया यांचे चित्रपटही अपवाद नाहीत. 'लेकिन' आणि 'लगान' (२००१) यांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. 'लगान'मधील १८९३ चे शेतकरी ज्या जाड्याभरड्या कपड्यांत उभे आहेत, ते कापड विटवून, जुने करून घेणे हे किती हातांचे काम असेल, याची कल्पना वस्त्रशास्त्र शिकविणाऱ्या कोणालाही येईल.

२०१० मध्ये त्यांचे वेशभूषेवरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. २०१२ मध्ये त्यांनी आपली ऑस्कर बाहुली सुरक्षित राहावी म्हणून अमेरिकेतील अकादमीच्या स्वाधीन केली. १५ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. कोल्हापूरच्या मुलीला आपला सन्मान सांभाळण्यासाठी परक्या देशातील कपाट अधिक भरवशाचे वाटले, याची खंत आपल्या विद्यापीठांनी व संग्रहालयांनी बाळगायला हवी.

वऱ्हाडातून पाहताना

२० सप्टेंबर २०२४ रोजी अमरावतीच्या पीएम मित्र टेक्सटाईल पार्कची पायाभरणी झाली. नांदगाव पेठला तयार कपड्यांचे कारखाने वाढतील आणि त्यांत स्त्रियांना काम मिळेल, असे सांगितले जाते. मिळावेच. आपल्या पदवीधर मुली तेथे कोणत्या खुर्चीवर बसणार, मशीनपुढे की रेखाटनाच्या टेबलापाशी, हे काही अंशी आपण वर्गात काय शिकवितो यावर ठरणार आहे. सध्या आपण त्यांना रॅम्पवरील गाऊन काढावयास सांगतो, आणि परीक्षेनंतर त्या घराच्या ओसरीत फॉल-पिको करू लागतात. त्या फलकावर दर लिहिलेला असतो, बाईचे नाव क्वचितच असते.

वऱ्हाडात कापूस वेचणाऱ्या बायका साडीवर नवऱ्याचा किंवा मुलाचा जुना, फुल बाह्यांचा शर्ट घालतात. पऱ्हाटीच्या वाळल्या बोंडांचे ओरखडे आणि ऊन यांपासून हात वाचतात, कमरेला बांधलेल्या ओटीत कापूस पडत राहतो, आणि शर्टाला खिसा असतो. साडीला खिसा नसतो. मजुरीचे पैसे, मोबाईल त्या खिशात जातात. हे वस्त्र कोणी बेतले, याची नोंद कोठेही नाही. ते विद्रूप दिसते असे आपल्याला वाटते, कारण ते आपण कधी नीट पाहिलेलेच नाही.

प्रात्यक्षिकासाठी 'परिसरातील श्रमाचे वस्त्र' हा विषय एकदा वर्गाला दिला होता. बहुतेकींनी परिचारिकेचा गणवेश काढला. अकोट तालुक्यातील एका विद्यार्थिनीने साडीवरचा शर्ट काढला, त्याची मापे घेतली, कॉलर कापून तेथे मानेवरून येणारी ओढणी जोडली, खिसा आतल्या बाजूने घेतला आणि बटणांऐवजी चेन लावली. तिची आई वेचणीला जाते. वहीत शेवटचा रकाना 'डिझायनर' असा छापलेला असतो. तेथे मुली आपले नाव लिहितात. हिने आधी आईचे नाव लिहिले होते आणि त्याखाली स्वतःचे. बहिःस्थ परीक्षकांनी त्यावर लाल शाईने प्रश्नचिन्ह केले. गुण मात्र कापले नाहीत.